विहिणीशी भांडण्यापुरतं स्पॅनिश

लोक स्पॅनिश कशासाठी शिकतात ते मला माहीत नाही. कुणी नोकरीसाठी शिकत असतील, कुणी हौसेसाठी. मी एकसष्टाव्या वर्षी शिकले ती विहिणीशी भांडायला. आमच्या मूल गावात हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग गंभीर होऊन म्हणतात, बरं केलं मॅडम, असं सोडाले नाई पायजे. कारण ते भांडण आमच्या सगळ्या गल्लीचं होतं, मी फक्त गल्लीतर्फे गेले होते.

मी अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. पहिली नेमणूक एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका गावात, शेवटची मूलजवळ, आणि मधल्या काळात इतक्या लोकांना गप्प बसवलं की अजूनही घरात दोन माणसं एकदम बोलली तर माझा हात डस्टर शोधतो. नवरा राईस मिलमध्ये मिस्त्री होता. यंत्रांच्या आवाजानं त्याला कमी ऐकू येतं, आणि आमचा संसार टिकला याचं निम्मं श्रेय मी त्या मिलला देते. मुलगी एकच. ती पुण्याला शिकली, मग स्पेनला गेली, मग तिथल्याच एका मुलाशी लग्न करते म्हणाली. अशा वेळी आईनं चार दिवस जेवायचं नसतं, पण मी जेवले. मुलगा उंच होता, शांत होता, आणि मोबाईलवर दिसला तेव्हा हातानं वरणभात कालवत होता. अजून काय पाहायचं असतं?

लग्न मूलला झालं पाहिजे, एवढी एकच अट मी घातली. ती दोघांनी मान्य केली, आणि भातकापणी झाल्यावर वऱ्हाड आलं. वऱ्हाड म्हणजे नवरदेव, त्याची आई आणि त्याची आत्या, बस. विहीण माझ्याच वयाची, ताठ चालणारी, पांढरे केस कापलेली. वर्षभरापूर्वीच तिचा नवरा वारला होता.

आमच्याकडे लग्नात मुलीच्या आईनं मुलाच्या आईचे पाय धुवायचे असतात. विहिणीनं खुर्चीवर बसून पाय परातीत ठेवायचे, आपण खाली बसून पाणी घालायचं, नव्या टॉवेलनं पुसायचे, अंगठ्याला कुंकू लावायचं आणि साडी द्यायची. यावरून आदल्या दिवशी घरात जुंपली. माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, विहीण विधवा आहे, तिला कुंकू कशाला, त्यापेक्षा आत्याचे पाय धू. जाऊबाईंपुढे मी तीस वर्षांत आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. मुलाला जन्म कोणी दिला, आत्यानं का, असं भर स्वयंपाकघरात विचारलं. जाऊबाई गप्प झाल्या, बाकीच्या बायका त्यांच्या बाजूनं गप्प झाल्या, आणि अर्धा मंडप विरोधात करून मी दुसऱ्या दिवशी परात मांडली.

विहीणबाई खुर्चीवर बसल्या. मी खाली बसले, दोन्ही गुडघे वाजले. त्यांचा उजवा पाय हातात घेतला, परातीत ठेवला, त्याच्यावर तांब्यानं पाणी सोडलं, आणि बाईनं झटक्यात पाय ओढून घेतला. परात कलंडली. सगळं पाणी माझ्या नव्या साडीवर. बाई तोंडावर हात धरून हसल्या, आणि हसत हसतच उठून मंडपाबाहेर निघून गेल्या.

व्हिडिओवाल्यानं हे सगळं टिपलं. लग्नाच्या बाकी वेळी तो जेवत होता, पण हे टिपलं. संध्याकाळपर्यंत तो तुकडा मूलमध्ये घरोघरी पोचला, आणि बल्लारपूरला माझ्या बहिणीनं तो पाहून मला फोन केला तेव्हा माझी साडीसुद्धा वाळली नव्हती. गोऱ्या इहीनीनं पाय काढून घेतला, असं लोक म्हणायचे. काही जण काऊन काढला असं मलाच विचारायचे. जाऊबाई माझ्याकडे बघायच्या आणि नुसतं हूं करायच्या. तो हूं मी चार वर्षं ऐकला.

मला फार काही नको होतं. विहिणीनं माझ्यासमोर सांगावं की तिनं पाय का काढला. आम्ही हलके वाटलो का, माझे हात घाण वाटले का, का आमच्या रीतीचं हसू आलं. आणि चुकलं म्हणावं. म्हणजे मला जाऊबाईंना तोंड दाखवता आलं असतं. नवरा म्हणायचा, सोड न वं आता. पण त्याला जाऊबाईंचा हूं ऐकूच जात नव्हता, त्याचं काय जातं सोडायला.

अडचण अशी की भांडायला मध्ये मुलगी लागायची. व्हिडिओ कॉलवर विहीण दिसली की मी विषय काढायची. मी चांगलं ऐसपैस बोलायची, लग्न, परात, साडी, मान, गावात गेलेली अब्रू, सगळं. मुलगी ते ऐकायची आणि तिकडे वळून चार शब्द बोलायची, आणि विहीण हसून मान डोलवायची. माझ्या एवढ्या बोलण्याचं चार शब्दांत भाषांतर होतं आणि समोरचा माणूस खूश होतो, हे कसं? एकदा जावयानं भोळेपणानं सांगून टाकलं की, आई, तुमचं बोलणं किती छान असतं, नेहमी माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी करता. माझी पोरगी माझं भांडण चहासारखं गाळून देत होती.

मग तिला दिवस गेले आणि मी बाळंतपणाला स्पेनला निघाले. तीन महिन्यांचा व्हिसा. बॅगेत डिंकाचे लाडू, आमच्या धानाच्या बांधीतला तांदूळ, जवसाची चटणी आणि बाळाची लंगोटं. मनात मात्र भांडण.

नातू झाला. गोरा, टकला, आणि रडायला लागला की थेट जाऊबाईंसारखा दिसणारा. पहिल्याच रविवारी विहीण आली. माझ्या दोन्ही गालांना गाल लावले, बाळाला घेतलं, एक लाडू खाल्ला, दुसरा मागितला. मी मुलीला म्हटलं, आता विचार तिले. मुलगी तिकडे वळून काहीतरी म्हणाली आणि विहिणीनं तिसरा लाडू घेतला. त्या क्षणी मी ठरवलं की हे काम स्वतःच करायचं.

घरापासून दहा मिनिटांवर नगरपालिकेचं वाचनालय होतं. तिथं परदेशातून आलेल्या लोकांसाठी दुपारी स्पॅनिशचा वर्ग चालायचा, फुकट, आणि कागदपत्रं कुणी विचारत नसे. मुलगी खूश झाली. तिला वाटलं, आईचा वेळ जाईल. शिकवायला एक पोरगी होती, माझ्या मुलीहूनही लहान, गुडघ्यावर फाटलेली पँट घातलेली. पहिल्या दिवशी ती वर्गात आली तशी मी उठून उभी राहिले. सवयच ती. बाकी सगळे बसलेले. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारची चिनी बाईही उठली, तिसऱ्या दिवशी मागचे मोरोक्कोचे दोघे, आणि आठवडा संपता संपता सगळा वर्ग खुर्च्या करकरवत उभा राहायला लागला. पोरगी दारातच थबकायची. शेवटी तिनं हात जोडून सगळ्यांना बसायला सांगितलं. आम्ही बसलो. तेवढ्यात वाचनालयाचा चौकीदार खिडकी लावायला आला, तर वर्ग पुन्हा उभा.

म्हातारपणी शिकणं म्हणजे काय असतं ते मी तुम्हाला सांगते. सकाळी पाठ केलेला शब्द दुपारी नसतो. त्याच्या जागी सन एकोणऐंशीच्या हजेरीपटातलं एखाद्या पोराचं नाव असतं. फळ्यावरचं दिसावं म्हणून चष्मा चढवला की वहीतलं दिसत नाही. पोरगी प्रश्न विचारायची, मला प्रश्न कळायचा, उत्तरही ठाऊक असायचं, आणि तोंडातून हिंदी यायचं. एटापल्लीकडच्या त्या पहिल्या शाळेत माझ्यासमोर गोंडी बोलणारी लेकरं बसायची. मी मराठीतून विचारायची आणि ती माझ्याकडे टकामका बघायची, आणि मी घरी येऊन म्हणायची, पोरं मठ्ठ आहेत. आता मी टकामका बघत होते. एकदा तर वर्गातच म्हटलं, लेकरांनो, माफ करा रे. पोरगीला वाटलं मी सराव करतेय, तिनं शाबासकी दिली.

तिसऱ्या आठवड्यात चाचणी झाली आणि मी कॉपी केली. हो, केली. ज्या बाईनं पोरांच्या मोज्यांतून चिठ्ठ्या काढल्या, तिनं. शेजारच्या चिनी बाईचं सगळ्या वस्तूंचं दुकान होतं, ती दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलायची, म्हणून मला वाटलं हिचं पक्कं असेल. मी मान तिरपी करून तिची दहाच्या दहा उत्तरं उतरवून घेतली. पेपर परत आले तेव्हा दोघींची दहाच्या दहा चूक. पोरगीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून आमच्याकडे पाहिलं. चिनी बाईनं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. नंतर कळलं की तिनं ती उत्तरं आदल्या दिवशी माझ्याच वहीतून उतरवून पाठ केली होती.

पण एक गोष्ट त्या भाषेत अशी निघाली की माझा तिच्याबद्दलचा आदर वाढला. इंग्रजीत विहिणीला शब्द नाही. मुलीच्या नवऱ्याची आई, असं लांबून यावं लागतं. स्पॅनिशमध्ये आहे, कोन्सुएग्रा. नातेवाइकांचा धडा चालू असताना हा शब्द आला आणि मी बाकावर थाप मारली. ज्या भाषेत विहिणीला शब्द आहे, त्या भाषेत विहिणीशी भांडताही येत असणारच. मी त्याच दिवशी पोरगीला गाठलं आणि म्हटलं, मला बारा वाक्यं पाहिजेत.

ती वाक्यं मी आधी मराठीत लिहिली, समास सोडून, क्रमांक घालून. पहिलं, मी तुमचा मान ठेवला. दुसरं, मी तुमच्यासाठी घरच्या लोकांशी भांडले. तिसरं, मी तुमचे पाय धुतले. चौथं, सगळं गाव पाहत होतं. पाचवं, तुम्ही पाय का काढून घेतला? सहाव्यापासून पुढं जरा तिखट होतं, बारावं तर फारच. पोरगीनं मोबाईलवर भाषांतर करून वाचलं आणि ती काळजीत पडली. तिला वाटलं कुणी माझा पाय धरून ओढलाय. शिवाय तिचा हट्ट असा की विहिणीला आपल्या बरोबरीच्या बाईसारखं अगं-तुगं करायचं, इथं तसंच बोलतात. मी सांगितलं, ते चालायचं नाही. भांडण असलं म्हणून काय झालं, विहिणीला अहो-जाहोच. तिनं बाराच्या बारा वाक्यं पुन्हा लिहून दिली.

पण पाय धुणे म्हणजे काय ते तिला कळेना. मग मी म्हटलं, करून दाखवते. दुसऱ्या दिवशी चिनी बाईनं दुकानातून लाल प्लास्टिकचा टब आणि टॉवेल आणला, पोरगीनं केटलमध्ये पाणी गरम केलं, आणि मी वर्गाच्या मधोमध खाली बसले. चिनी बाई माझी विहीण झाली. तिला बजावून ठेवलं होतं की मी पाणी घातलं की पाय ओढायचा आणि हसायचं. मी पाणी घातलं. ती पाय ओढेना. मी खूण केली. तिनं डोळे मिटून घेतले. पोरगी म्हणाली, आता ओढा. तिनं दुसरा पायही टबात ठेवला. दिवसभर दुकानात उभी राहणारी बाई ती, ती कशाला ओढते? मग मागचे दोघे म्हणाले, आम्हाला दाखवा. त्यांनी बूट काढले. मग आणखी दोघांनी, आणि शेवटी पोरगीनं स्वतः. अशा सहा जणांचे पाय मी त्या दुपारी धुतले आणि एकानंही ओढला नाही. दारात चौकीदारही येऊन उभा राहिला होता, पण त्याला मी नाही म्हटलं, कुठंतरी थांबायला पाहिजे.

घरी जाताना माझा राग नव्यानं पेटला. चीनपासून मोरोक्कोपर्यंतच्या लोकांना जे आवडतं, ते एकट्या हिलाच का नको? त्या दिवसापासून मी बारा वाक्यं झपाट्यानं पाठ करायला घेतली. बाळाला मांडीवर आडवं घेऊन, तेल लावताना, ती वाक्यं म्हणायची. बाळ पाचव्या वाक्याला हसायचं.

जायला आठवडा राहिला तेव्हा मुलीनं वही पाहिली. स्वयंपाकघरात उभी राहून तिनं सगळी वाक्यं वाचली, बारावं दोनदा. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही.

"आई, तू भांडशील आणि विमानात बसशील," ती म्हणाली. "मले इथं राहाचं आहे. तू येण्याच्या आधी माझ्या उशाशी कोण बसलं होतं, माहीत आहे तुले?"

मूलची भाषा तिच्या तोंडी आली की समजायचं, लेक खरंच घाबरली आहे. मी काही कबूल केलं नाही. पण वही तिच्या हातातून घेऊन पिशवीत ठेवली, आणि दोन दिवस मला काही गोड लागलं नाही. एकीकडे मुलीचा संसार, दुसरीकडे जाऊबाईंचा हूं. विचारलं नाही तर तसंच परत जायचं, आणि मरेपर्यंत तो व्हिडिओ. विचारावं आणि बिनसलं तर पोरीनं कुणाकडे बघायचं? बाप्पा, नवऱ्यासारखं कमी ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं, असं तेव्हा वाटलं.

शेवटच्या रविवारी विहिणीकडे जेवण होतं. तिनं मोठ्या पसरट तव्यात भात केला होता, तांदूळ न धुता. मी मूलची बाई, माझ्या डोळ्यांदेखत तिनं तो थेट पिशवीतून तव्यात ओतला, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही, यावरून समजा मी किती दडपणाखाली होते ते. जेवण झाल्यावर मुलगी आणि जावई बाळाला गाडीत घालून फिरायला निघाले. दारातून मुलीनं माझ्याकडे पाहिलं. दार लागलं. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच राहिलो. ती ताटं पुसत होती.

मी उभी राहिले, पाठीमागे हात बांधले, जशी आमची पोरं पंधरा ऑगस्टला भाषणाला उभी राहतात, आणि सुरू केलं. कोन्सुएग्रा, मी तुमचा मान ठेवला. विहीण वळली. हातात ताट तसंच. गेल्या चार वर्षांत तिनं माझ्या तोंडून स्पॅनिशचं एकही धड वाक्य ऐकलेलं नव्हतं. दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. तिनं ताट खाली ठेवलं. चौथं म्हटलं. पाचव्यालाही थांबले नाही.

"तुम्ही पाय का काढून घेतला?"

आणि तिथं माझ्या लक्षात आलं की मी फक्त बोलायची तयारी केली होती. उत्तर येईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ती बोलायला लागली आणि थांबेना, सगळं एका दमात, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही कळेना. मी हात वर करून हळू, कृपया, असं म्हटलं. ते वाक्य पहिल्या धड्यातलं, ते कधी चुकत नसे.

ती खुर्चीवर बसली. मग एकेक शब्द वेगळा करून सांगायला लागली, मी ज्या शाळेत शिकवत होते तिथल्या पहिलीतल्या पोराला सांगावं तसं. मारिदो. नवरा. मला येत होता तो शब्द. पलंग. आठ महिने. तो उठू शकत नव्हता. रोज सकाळी. आग्वा, पाणी. पिएस, पाय. तिनं खाली वाकून दोन्ही हातांनी हवेतच पाय धुऊन दाखवले, बोटांच्या बेचक्यांतून, टाचेवरून, सावकाश. आपल्या छातीवर बोट ठेवलं, मी, त्याचे. रोज. मग ते बोट माझ्याकडे केलं, तुम्ही, माझे. मग बोटं डोळ्यांवरून गालापर्यंत खाली ओढली, आणि मान हलवून नाही म्हणाली. नाही, मुलाच्या लग्नात नाही. आणि तोंडावर हात ठेवला, अगदी मंडपात ठेवला होता तसाच. तेव्हा मला कळलं की तो हात हसण्यासाठी नव्हता. बाई मंडपाबाहेर गेल्या आणि तिथं काय झालं, ते व्हिडिओवाल्यानं टिपलेलं नव्हतं.

ती रडत होती. ताठ बसून, आवाज न करता. मी तिथं उभी, पाठीमागे हात बांधलेले, आणि माझ्याजवळ सात वाक्यं शिल्लक होती. सातही पाठ होती, सातही धारदार. तिला जवळ घ्यावं असं वाटत होतं, पण त्याआधी काहीतरी बोलायला पाहिजे ना, आणि सांत्वनाचा धडा आमचा झालाच नव्हता. त्या आठवड्यात दवाखान्याचा धडा झाला होता. तोंडातून तेच आलं.

"दोंदे ले दुएले?" म्हणजे, तुम्हाला कुठं दुखतंय?

विहिणीनं वर पाहिलं. नाक पुसलं. थोडा विचार केला आणि उजवा गुडघा दाखवला. मी खुर्ची ओढून बसले आणि माझा डावा दाखवला. मग तिनं कंबर दाखवली, मी मान दाखवली, आणि आम्ही दोघी अशा हसलो की मुलगी आणि जावई परत आले तेव्हा दारातच थबकले. मुलगी कुजबुजली, विचारलं का? मी हो म्हटलं. ती एकदा सासूकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. विहीण तेव्हा मला टाच दाखवत होती.

मूलला परत आले त्याच दुपारी जाऊबाई आल्या. एकट्या नाहीत, गल्लीतल्या चार बाया घेऊन. चहा झाला, नातवाचे फोटो झाले, डिंकाचे लाडू विहिणीला आवडले हे सांगून झालं. मग सगळ्या थोड्या पुढं सरकल्या.

"विचारलं का तिले?" जाऊबाई म्हणाल्या. "काऊन काढला पाय?"

चार वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहत होते. उत्तर माझ्याजवळ होतं, आणि असं होतं की ऐकून जाऊबाईंचीही मान खाली गेली असती. पण ते त्या ताठ बसणाऱ्या बाईचं होतं. उद्या ते भाजीबाजारात गेलं असतं, परवा बल्लारपूरला. विधवेला बसवलं म्हणून असं झालं, हेही कुणीतरी म्हटलंच असतं. परातीतलं पाणी त्या दिवशी मी स्वतः तापवलं होतं, दुसऱ्या कुणावर बोट जाणार नव्हतं.

"पाणी लय गरम झालं होतं जी," मी म्हटलं. "चटका बसला तिले."

जाऊबाईंनी हूं केलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला.

"अडतीस वर्सं पोट्टे शिकवले," त्या म्हणाल्या, "अन् पाण्यात बोट बुडवून पाहता आलं नाई तुले?"

"नाई आलं जी. चुकलंच माझं."

आता गल्लीत कुणाकडे लग्न निघालं की नव्या सुनासुद्धा मला थांबवून सांगतात, मॅडम, आधी गार पाणी घ्यायचं, मग वरून गरम. मी ऐकून घेते.